पाहुण्यांना दिलेलं घर

मिस्त्री आणि मी एकोणीस वर्षं जोडीनं लिफ्ट दुरुस्त केल्या. या कामात जोडी लागतेच. एक जण केबिनच्या टपावर उभा असतो आणि दुसरा गच्चीवरच्या मशीन रूममध्ये. वरच्यानं चुकीच्या वेळी मशीन सुरू केलं तर खालच्याची चटणी. तेव्हा मी सांगतोय ते ऐकीव नाही, आणि मिस्त्रींबद्दल वाकडं बोलायला माझी जीभ रेटणार नाही.

कंपनीतले साहेबसुद्धा त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. बुटका माणूस, जाड भिंगांचा चष्मा, खिशात कायम एक स्वच्छ फडकं. लिफ्टच्या दाराला ग्रीसचा डाग राहिलाय असं खाली आल्यावर आठवलं, तर पुसायला पुन्हा चार मजले चढून जाणारा. चौपन्नाव्या वर्षी त्यांचा उजवा खांदा कामातून गेला. हात कानाच्या वर जाईना. कंपनीनं एकरकमी पैसे हातात ठेवले, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि वाटेला लावलं.

घरी तिघं. मिस्त्री, वहिनी आणि मिस्त्रींची आई. तिला मी काकू म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. घर तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं, मागच्या बाजूला हातभर अंगण. काकूंना तेव्हाच थोडं विसरायला व्हायचं, पण घरातल्या घरात त्यांचं नीट चालायचं. साखर कुठे, काडेपेटी कुठे, ते डोक्याला नाही तरी हाताला पाठ होतं.

पैसे आल्याचा वास सगळ्यात आधी वहिनींच्या भावाला लागला. हा मेहुणा आधी विमा विकायचा, मग जुन्या गाड्या, आणि त्या वर्षी घरं. बोलायला लागला की समोरच्याला वाटावं, इतकी साधी गोष्ट आपल्याला आजवर कशी सुचली नाही.

"दाजी, बँकेत पडलेला पैसा म्हणजे दावणीला बांधलेला बैल," तो म्हणाला. "मोठ्या हॉस्पिटलसमोर एक फ्लॅट घ्या आणि मोबाइलच्या अ‍ॅपवरून रोजावर भाड्यानं द्या. पेशंटचे नातेवाईक, परीक्षेला आलेली पोरं, इंटरव्ह्यूवाले. हॉटेल त्यांना परवडत नाही. महिन्याचा भाडेकरू जे देतो ते तुम्हाला दहा दिवसांत सुटतं. पुढचे वीस दिवस तुमचे."

मिस्त्रींनी मला विचारलं. मला त्यातलं काही कळत नाही, असं मी सांगितलं, आणि ते खरंच होतं.

"तीस वर्षं लोकांच्या दारापर्यंत गेलो रे," मिस्त्री म्हणाले. "दार उघडायचं, कुणीतरी डोकवायचं आणि विचारायचं, झाली का लिफ्ट सुरू? आत ये, पाणी घे, असं म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आता लोक माझ्या दाराशी येतील, आणि मी म्हणेन, या."

मला वाटतं, मेहुण्याच्या हिशेबापेक्षा ते या एका शब्दापायी फसले.

हॉस्पिटलसमोरचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता. एक खोली, स्वयंपाकघर, बाहेर जेमतेम दोन खुर्च्या मावतील अशी गॅलरी. आलेले सगळे पैसे त्यात गेले. वहिनींनी पांढरे पडदे शिवले. मिस्त्रींनी प्रत्येक नळाचा वॉशर बदलला, दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, भिंतीवर होडीचं चित्र लावलं. होडीच का, विचारलं तर म्हणाले, "अ‍ॅपवर सगळ्यांच्या फ्लॅटमध्ये होडीच आहे."

पहिले पाहुणे एक बाप-लेक. मुलीची कसलीशी परीक्षा होती. जाताना त्यांनी लिहिलं, 'स्वच्छ, शांत. मालक स्वतः पाण्याच्या बाटल्या वर आणून देतात.' पाच स्टार. मिस्त्रींनी फोन हातभर लांब धरून मला ते दोनदा वाचून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा मलाच वाचायला लावलं.

काम मात्र कुत्र्यासारखं होतं. सकाळी दहाला एक पाहुणा बाहेर, दुपारी दोनला दुसरा आत. मधल्या चार तासांत चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, भांडी, बाथरूम. खरा वैरी म्हणजे केस. बाथरूमच्या जाळीवर एक केस दिसला की एक स्टार गेला. मिस्त्री टॉर्च घेऊन फरशीवर ओणवे व्हायचे, जशी आम्ही लिफ्टची दोरी तार न् तार तपासायचो तसे. एकानं इलेक्ट्रिक किटली पळवली. एकानं दोन स्टार दिले, का, तर अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज येतो. हॉस्पिटलसमोर उतरायचं आणि अ‍ॅम्ब्युलन्सला नावं ठेवायची. पण फ्लॅट भरत होता, आणि ते वर्ष मिस्त्री खांदा विसरून हिंडले.

दहा महिन्यांनी मेहुणा परत आला. तीन गल्ल्या सोडून त्याचा स्वतःचा एक असाच फ्लॅट होता. तो विकायचा होता. "बाहेरच्याला देण्यापेक्षा तुम्हाला देतो. घरातलं घरात राहील," म्हणाला. मिस्त्रींकडे तेवढे पैसे नव्हते. मग राहतं घर बँकेकडे तारण ठेवायचं ठरलं.

तेव्हा मात्र मी बोललो. "मिस्त्री, केबिनमध्ये आठ माणसांची पाटी असते. नववा चढला की काय होतं, ते तुम्हीच मला शिकवलंत."

"अरे, कंपनी त्या पाटीत थोडी जागा राखूनच ठेवते," ते हसले. "दहा जण आरामात जातात."

कागदांवर सह्या झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात त्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीनं, एका निवृत्त शिक्षकानं, गेटवरच मिस्त्रींच्या हातात एक कागद ठेवला. महिन्याभरापेक्षा कमी दिवसांसाठी कुणालाही फ्लॅट द्यायचा नाही. रोज नवी माणसं जिन्यात दिसतात, मुलाबाळांची घरं आहेत. असा ठराव झालेला. खाली तारीख होती सौदा व्हायच्या महिनाभर आधीची. त्याखाली मीटिंगला हजर असलेल्यांच्या सह्या होत्या, आणि त्यात सातवी सही मेहुण्याची होती.

मिस्त्रींनी तो कागद घरी आणून वहिनींना दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली.

"त्याला तुम्ही काही बोलू नका," वहिनी म्हणाल्या. "मी बोलते."

त्या भावाकडे गेल्या, दीड तासानं परत आल्या, आणि बादलीतल्या चादरी पिळायला बसल्या. मिस्त्रींनी विचारलं, "काय म्हणाला?"

"चहा घेतेस का म्हणाला."

"आणि?"

"नाही घेतला."

त्यापलीकडे तिथे काय झालं, ते वहिनींनी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. भाऊ-बहिणीचं येणं-जाणं त्या दिवशी संपलं.

दुसरा फ्लॅट शेवटी हॉस्पिटलमधल्या दोन नर्सना महिन्याच्या भाड्यानं दिला. त्यात हप्त्याचा अर्धा भागसुद्धा निघत नव्हता. त्यातच हॉस्पिटलसमोरच्या रस्त्यावर दर तिसऱ्या खिडकीला पांढरे पडदे लागले. मिस्त्रींना सुचलं ते शंभर जणांना सुचलं होतं. दर उतरले. मिस्त्रींनी आपले दर अजून उतरवले. बँकेचे फोन सुरू झाले. फोन वाजला की मिस्त्री आधी चष्मा काढून पुसायचे, मग उचलायचे.

एक दिवस ते वहिनींना म्हणाले, "आपलं घर द्यायचं का? तळमजला आहे, अंगण आहे. लोकांना आवडेल."

"आणि आपण?"

"जे रिकामं असेल तिथे. फक्त सहा महिने."

वहिनी वादाच्या बाई नव्हेत. त्यांनी भिंतीवरचे फोटो उतरवले, जुन्या पत्र्याच्या पेटीत घातले. खिळे तसेच राहिले होते. मिस्त्रींनी त्या खिळ्यांवर तीन होड्या लावल्या.

त्या दिवसापासून त्या तिघांचं बिऱ्हाड दोन बॅगांत आलं. हॉस्पिटलसमोरचा फ्लॅट रिकामा असला की तिथे. घर रिकामं असलं की घरी, पण पाहुण्यासारखं. गादीवरची चादर चुरगळायची नाही, ओट्यावर तेल उडवायचं नाही. काकू दर दोन दिवसांनी वेगळ्या खोलीत जाग्या व्हायच्या आणि भिंत चाचपडत साखरेचा डबा शोधायच्या. "कुणाकडे आलोय आपण?" हळूच विचारायच्या, यजमानांना ऐकू जाऊ नये म्हणून. वहिनी सांगायच्या, "आपल्याच माणसांकडे."

दोन्हीकडे पाहुणे असले की वहिनी आणि काकू आमच्याकडे यायच्या. आमच्या घरात आम्ही चौघं, जागा टीचभर, पण बायकोनं कधी नाक मुरडलं नाही. मिस्त्री यायचे नाहीत. "मी एका मित्राकडे झोपतो," म्हणायचे. मला नवल वाटायचं, कारण माझ्याशिवाय त्यांना मित्र कोण होता ते मला माहीत नव्हतं.

ते एका सकाळी कळलं. बाजारपेठेतल्या जुन्या नऊमजली इमारतीच्या लिफ्टची तपासणी होती. वर जाऊन मशीन रूमचं दार उघडलं. कंट्रोल पॅनेलच्या मागे एक सतरंजी गुंडाळून ठेवलेली. खिळ्याला इस्त्रीचा शर्ट. मोटरच्या चौथऱ्यावर दाढीचा ब्रश उभा ठेवलेला, वाळत. आणि पाण्याच्या टाकीशी तोंड धुऊन मिस्त्री आत आले.

खाली कुणीतरी बटण दाबलं, पॅनेलमधला रिले खटकन वाजला, मोटर फिरायला लागली. त्या आवाजात माणूस डोळा कसा मिटत असेल, हे मला आजही कळत नाही.

"किल्ली राहिली होती माझ्याकडे," ते म्हणाले.

"मिस्त्री, हे काय?"

"धंदा जोरात आहे," त्यांनी चष्मा पुसत सांगितलं. "आठवडाभर दोन्ही फुल आहेत."

बोलताना त्यांना आनंद झाला होता. पाहुणे आले तर मिस्त्रींना छप्पर नाही, आणि नाही आले तर घरावर जप्ती. दोन्हीकडून त्यांचंच मरण होतं, आणि त्यातल्या त्यात पहिलं बरं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. चला आमच्याकडे, म्हणून मी हाताला धरलं. त्यांनी हात सोडवून घेतला. "किल्लीचं कुठे बोलू नकोस," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी काकू आमच्या घरातून नाहीशा झाल्या. दुपारची वेळ. वहिनी फ्लॅटवर चादरी बदलायला गेलेल्या, आमची ही कपडे वाळत घालत होती. तेवढ्यात दार उघडं टाकून काकू निघून गेल्या. चपला इथेच.

मी कामावरून धावत आलो. मिस्त्री आणि मी हॉस्पिटलचं आवार बघितलं, बाजार बघितला, बसस्टॉप बघितले. तास होऊन गेला. मी म्हटलं, "मिस्त्री, घरी गेल्या असतील. तुमच्या घरी."

ते आणखी एकदा बाजाराकडे वळले. मी त्यांना खांद्याला धरून फिरवलं, दुखऱ्याच, तेव्हा ते थांबले.

"मला पहिल्यापासून वाटतंय की ती तिथेच आहे," ते म्हणाले. "पण तिथे पाहुणे आहेत रे. बारा दिवसांचं बुकिंग आहे. बेल वाजवून काय सांगू? माझी आई आत आली का?"

आपल्याच घराच्या दाराशी ते उभे राहिले आणि त्यांचा हात बेलपर्यंत जाईना. हा डावा हात, चांगला. शेवटी बेल मी वाजवली.

दार एका प्रौढ बाईंनी उघडलं. नवऱ्यावर उपचार चालू होते म्हणून त्या उतरल्या होत्या. नवरा आतल्या खोलीत झोपलेला. काकू स्वयंपाकघरात पाटावर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. अनवाणी आल्यानं पाय फुटले होते. त्या बाईंनी ते धुऊन मलम लावलं होतं.

"यांनी आल्या आल्या साखरेच्या डब्याला हात घातला," बाई म्हणाल्या. "मला म्हणाल्या, बस, चहा करते. मी म्हटलं, या घराच्या असणार." मग त्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. "तुमच्या आई ना? मग तुम्ही कुठे राहता?"

मिस्त्री चष्मा काढून पुसायला लागले.

"आम्हाला आतली खोली पुरते," बाई म्हणाल्या. "राहू द्या त्यांना."

"नाही, नाही, तुम्ही पैसे दिलेत," मिस्त्री घाईनं म्हणाले, आणि आईचा दंड धरला. काकू उठल्या, पण दाराशी येताच त्यांनी चौकट पकडली. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, नुसती चौकट धरून ठेवली. मिस्त्रींनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मी तोंड फिरवलं. त्या बाई मात्र शेवटपर्यंत बघत होत्या.

बाईंनी जाताना पाच स्टार दिले. लिहिलं, 'घर प्रेमळ आहे. मालकांची आई खूप गोड आहे, अचानक घरी येते, तिला प्रेमानं बसवा.' चांगल्या मनानं लिहिलं, आणि तेच नडलं. पुढचे लोक विचारायला लागले, म्हातारी बाई मध्येच आत येते का? किल्ली तिच्याकडे असते का? तीन बुकिंगं रद्द झाली. ते वाक्य काढून टाका, म्हणून मिस्त्रींनी अ‍ॅपवाल्यांना चार पत्रं लिहिली. तक्रार नसलेला शेरा काढता येत नाही, असं उत्तर आलं.

काकू त्यानंतर खंगत गेल्या. कुठल्याच खोलीत त्यांना झोप लागेना. वहिनींनी एक शोधून काढलं होतं. पाहुणा दहाला गेला आणि दुसरा दोनला येणार असला, की त्या काकूंना सहाव्या मजल्यावर आणायच्या, गरम पाण्यानं अंघोळ घालायच्या, आणि ताज्या गादीवर प्लास्टिक अंथरून तासभर निजवायच्या. चादर खराब होऊ नये म्हणून प्लास्टिक. तेवढा एक तास काकू शांत झोपायच्या.

अशाच एका दिवशी त्या उठल्या नाहीत.

साडेअकराला मला मिस्त्रींचा फोन आला. "ये," म्हणाले. मी पोहोचलो तेव्हा वहिनी काकूंच्या उशाशी बसल्या होत्या आणि मिस्त्री बाथरूम पुसत होते. गुडघ्यांवर बसून, टॉर्च लावून. मला बघून म्हणाले, "दोन वाजता पाहुणे आहेत. आधी हिला खाली कसं न्यायचं ते बघ. लिफ्टमध्ये आडवं मावणार नाही. केबिन साडेतीन फुटी आहे."

"अहो, ते रद्द करा," वहिनी म्हणाल्या.

"आयत्या वेळी रद्द केलं तर दंड बसतो. आणि वर ते फ्लॅट खाली ढकलतात, कुणाला दिसतच नाही मग—"

वहिनी उठल्या. त्यांनी मिस्त्रींच्या खिशातून फोन काढून घेतला, बुकिंग रद्द केलं, आणि फोन बंद करून ओट्यावर ठेवला. मग टॉर्च त्यांच्या हातातून घेतली. "आईजवळ बसा," म्हणाल्या. मिस्त्री उठले, आईजवळ जाऊन बसले. आधी अवघडून, गादीच्या काठावर. मग त्यांनी काकूंच्या अंगाखालचं ते प्लास्टिक ओढून काढायला सुरुवात केली. एका हातानं जमेना. मी काकूंना जरा उचललं, तेव्हा ते निघालं.

पाहुणे आलेच. प्रवासात त्यांना निरोप पोहोचला नव्हता. दोघं तरुण भाऊ, हातात बॅगा, सहाव्या मजल्याच्या दारात. मी त्यांना झाला प्रकार सांगितला. त्यांनी बॅगा भिंतीला लावून ठेवल्या. काकूंना आम्ही खुर्चीत बसवलं, चादरीनं बांधलं, आणि खुर्ची न् धरणारे एकदम लिफ्टमध्ये मावेनात म्हणून जिन्यानं उतरवलं. मिस्त्रींचा खांदा चालत नव्हता, म्हणून खुर्चीची पुढची बाजू त्या दोन भावांनी धरली. त्यांची नावंसुद्धा आम्ही विचारली नाहीत.

सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट चार महिन्यांनी विकला. घेतला होता त्याहून बराच कमी भाव आला. त्यातून घर बँकेच्या तावडीतून सुटलं नाही, पण जप्ती टळली. मिस्त्री आणि वहिनी घरी परतले. पेटीतले फोटो अजून पेटीतच आहेत. वहिनी म्हणतात, लावू सवडीनं. त्या आता हॉस्पिटलच्या लाँड्रीत पाळीनं कामाला जातात. मिस्त्री माझ्या हाताखाली लागलेत. साहेबानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, तुला चालेल ना. मला न चालायला काय झालं? पण ते टपावर चढू शकत नाहीत, मशीन रूममध्ये उभे राहू शकतात. माझा जीव त्यांच्या हातात आहे, आणि एवढं सगळं होऊनही त्या हाताची मला भीती वाटत नाही.

काकू हरवल्या त्या दिवसाबद्दल ते एकदाच बोलले. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलो होतो. म्हणाले, "एक तास मी तिला मुद्दाम चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. तुला ठाऊक आहे. तुझ्या वहिनीला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण वहिनींनीच एकदा माझ्या बायकोजवळ विषय काढला, आणि बोलता बोलता त्यांना सगळं आधीपासून माहीत असल्याचं दिसलं. त्या मिस्त्रींना काही म्हणत नाहीत. भावाकडे काय झालं त्याबद्दल बोलत नाहीत तशाच.

हप्ते अजून सात वर्षं आहेत. गेल्या रविवारी नर्सच्या फ्लॅटमधून निरोप आला, स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आलीय. मिस्त्री सकाळीच माझ्या दाराशी आले, पिशवीत छिन्नी आणि सिमेंट घेऊन. "येतोस का तासभर?" म्हणाले. "प्लंबरला द्यायला पैसे नाहीत." आम्ही गेलो. वरच्या मजल्यावरून भिंतीत येणाऱ्या पाइपाचा सांधा गळत होता. भिंत फोडून तो बसवायला दुपार झाली.